मिस्टर व्हिटलॉक यांची खुर्ची

सन २०१४, डिसेंबरचा पहिला आठवडा. स्थळ शिकागो शहरातील पिल्सेन नावाची वस्ती, आणि त्या वस्तीत चर्चच्या पाठीमागून जाणारी एक अरुंद गल्ली. या गल्लीच्या उत्तर बाजूच्या विटांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एव्हारिस्तो क्वाउतले मास्तर आपल्या पत्नीसह राहत होते. आणि दक्षिण बाजूच्या इमारतीतील तळमजल्याची जी खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरातून खाली समोरच दिसत असे, तिच्यात त्या आठवड्यात ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागली. पुढे जे काही घडले ते या दोन खिडक्यांच्या मधल्या हवेत घडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मास्तरांनी तरुणपणी मेक्सिकोतल्या चोलुलाच्या शाळेत इतिहास आणि वक्तृत्व शिकवले होते. पुढे शिकागोत येऊन मिठाईच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षे काढली, तरी वक्तृत्व सुटले नाही. सुंभ जळाला तरी पीळ कायम होता. इंग्रजी ते जुन्या भाषणांच्या पुस्तकांतून शिकले होते. त्यामुळे त्यांचे वाक्य संसदेतले असे आणि उच्चार चोलुलाच्या बाजारातला. वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागी सावधान उभे. पण ते कानावर पडताच ऐकणाऱ्याला आधी ऐकू येई तो मेक्सिको, आणि बाकीचे सगळे नंतर.

त्यांच्या पत्नीचे, एर्मिनियाबाईंचे, गुडघ्याचे ऑपरेशन त्या शरद ऋतूत झाले होते. इमारतीला लिफ्ट नव्हती, जिना शिडीसारखा उभा. ऑपरेशननंतर त्यांना वर चढवले, ते त्या खाली उतरल्याच नाहीत. एरवी नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी गल्लीत पोसादाची जी मिरवणूक निघे, तिची सारी सूत्रे बाईंच्या हातात असत. कोणत्या संध्याकाळी मिरवणुकीने कोणत्या दारापुढे उभे राहायचे हे त्या ठरवीत आणि मेणबत्ती घेऊन सर्वांत पुढे चालत. यंदा त्यांनी जाहीर केले होते की आपण मिरवणूक वरूनच पाहू, तुरुंगातली बाई पाहते तशी. हे त्या हसून म्हणत. पण हल्ली बोलता बोलता त्या खिडकीकडे तोंड करून बसत, आणि मास्तरांना ते हसणे फक्त पाठीमागून ऐकू येई.

म्हणून ती पाटी दिसताच मास्तरांनी कोट चढवला, टाय बांधला आणि फोनपाशी बसले.

त्यांची मुलगी नेलिदा त्या वेळी घरातच होती. ती इथेच जन्मलेली, दातांच्या दवाखान्यात नोकरीला. तिचे इंग्रजी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईसारखे गुळगुळीत. फोन मी करते, असे तिने सुचवले. मास्तरांना हा प्रस्ताव तत्त्वतः अमान्य होता.

“घर मागणार मी, आणि आवाज तुझा?” ते म्हणाले. “उद्या राहायलाही तूच जाशील का आमच्या वतीने?”

“बाबा, ते लोक आवाज ऐकून ठरवतात.”

“ठरवू देत. माझ्या आवाजात ठरवण्यासारखं पुष्कळ आहे.”

पलीकडे फोन उचलला तो प्रुइट नावाच्या व्यवस्थापकाने. ती इमारत नुकतीच एका बाहेरगावच्या कंपनीने विकत घेतली होती, आणि हा गृहस्थ त्या कंपनीने नेमलेला, तळमजल्यावरच्या एका खोलीत टेबल टाकून बसणारा. मास्तरांनी त्याला ऐकवलेले वाक्य त्यांनी आदल्या रात्रीपासून घासूनपुसून ठेवले होते: महोदय, आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरील सदनिका अद्याप रिकामी असल्यास, तीसंबंधी आपली भेट घेण्याची अनुज्ञा असावी. वाक्य पुरे होण्याच्या आधीच पलीकडचा श्वास बदलला. सदनिका गेली, असे उत्तर आले. आत्ताच गेली.

इथे दुसऱ्या कुणी फोन ठेवला असता. मास्तरांनी तो ठेवला नाही, कारण घर गेले म्हणजे कुणीतरी ते घेतले, आणि ज्याने घेतले तो आता आपला समोरचा शेजारी. आणि समोर नवा शेजारी येत असता त्याचे नावगाव न विचारता फोन ठेवणे हा चोलुलात आणि या गल्लीतही असंस्कृतपणा गणला जातो. मास्तरांनी आधी कंपनीचे अभिनंदन केले, मग नव्या भाडेकरूचे, आणि मग त्या भाग्यवान गृहस्थाचे नाव विचारले. प्रुइटला आजवर शिव्या ऐकण्याची सवय होती. अभिनंदनाची नव्हती. थोडा वेळ फोनमध्ये नुसती खरखर झाली आणि मग तो म्हणाला, “व्हिटलॉक. मिस्टर व्हिटलॉक.”

“सुंदर नाव,” मास्तर म्हणाले. “त्यांना आमचं स्वागत कळवा.”

फोन ठेवून त्यांनी पत्नीला वृत्तांत सांगितला. बाई सुकलेल्या मिरच्यांची देठे काढत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले की घर गेले, तर पाटी का गेली नाही. काढायची राहिली असेल, असे मास्तरांचे मत पडले.

“तो खोटं बोलतोय.”

“पुराव्यावाचून माणसाला खोटारडा म्हणणं हे न्यायाला धरून नाही, म्हातारे.”

“म्हातारबुवा, तुम्ही तोंड उघडलंत, तेवढा पुरावा त्याला पुरला. मलाही पुरतो.”

मास्तरांनी वाद पुढे चालवला नाही, कारण त्यांच्या मते वाद अजून सुरूच झाला नव्हता. निकाल राखून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ते खालच्या मजल्यावरच्या क्रिसांताबाईंकडे गेले. क्रिसांता म्हणजे नेलिदाची बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता, म्हणून मास्तर तिला कोमाद्रे म्हणत आणि ती त्यांना कोम्पाद्रे. हे नाते त्यांच्यात सख्ख्या व्याह्यांपेक्षाही चिवट असते. ती सकाळी चर्चच्या कोपऱ्यावर तामाले विकी. मक्याच्या पिठाच्या त्या वाफाळत्या, पानात बांधलेल्या पुड्या तिच्यासारख्या साऱ्या वस्तीत कुणाला जमत नसत. तिने नव्या शेजाऱ्यासाठी थाळी भरून दिली: अर्धे तामाले हिरव्या मिरचीचे, अर्धे लाल. मास्तरांनी थाळी समोरच्या इमारतीत नेली. मिस्टर व्हिटलॉक कामावर गेलेले असल्याचे प्रुइटकडून समजले. थाळी त्याच्या हवाली करून मास्तर परतले.

घरी बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी जे पाहिले ते जसेच्या तसे सांगितले. प्रुइट थाळी घेऊन त्या सदनिकेत गेला. आत टेबल नाही, खुर्ची नाही, पलंग नाही. तो खिडकीच्या कठड्याला टेकून उभा राहिला आणि सगळे तामाले एकट्याने संपवले.

“हिरवे आधी खाल्ले,” बाई म्हणाल्या. “मग पानं चाटली.”

मास्तरांनी एवढ्यावरही निकाल दिला नाही. भुकेला माणूस आणि खोटारडा माणूस यांत फरक आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. पण दुपारी नेलिदाचा दवाखान्यातून फोन आला. तिने जेवणाच्या सुट्टीत, बापाला न विचारता, त्याच नंबरवर फोन लावला होता. सदनिका रिकामी आहे, आजच येऊन पाहा, आवडली तर पुढच्या आठवड्यात राहायला या, असे तिला सांगण्यात आले होते. तो माणूस फार अगत्याने बोलला, असेही ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग ते आपल्या खोलीत जाऊन बसले आणि बाईंना आतून पुटपुटणे ऐकू आले. मास्तर तेच वाक्य स्वतःला म्हणून दाखवत होते. महोदय, आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरील. एकदा, पुन्हा एकदा, सावकाश, एकेक शब्द उजेडात धरून. जणू हिशेबात कुठेतरी चूक राहिली असावी आणि ती आपलीच असावी. बाई काठी टेकत दाराशी आल्या.

“वाक्यात काही खोट नाही, मास्तर,” त्या म्हणाल्या.

“नाही ना?”

“नाही. चला, जेवून घ्या.”

नेलिदा संध्याकाळी तावातावाने आली. असे करणे कायद्याने गुन्हा आहे, शहराची त्यासाठी कचेरी आहे, आपण तक्रार करू, असा तिचा आग्रह होता. मास्तरांनी तक्रारीला मोकळ्या मनाने संमती दिली. पण कचेरीचे काम आणि गोगलगायीचे लग्न यांत मुहूर्ताला घाई नसते. उन्हाळ्यापर्यंत कागद फिरतील, तोवर पोसादा निघून जाईल आणि पाटी उतरून कुणीतरी खरोखरच राहायला येईल. दरम्यान काय करायचे हा प्रश्न होता, आणि मास्तरांच्या मते त्याचे उत्तर वक्तृत्वशास्त्रात फार पूर्वीच दिलेले होते. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडायचे नसते. ते संपूर्ण मान्य करायचे, त्याला हार घालायचा, त्याचा हात धरायचा आणि त्याला इतके लांब चालवायचे की खड्ड्यात ते आपणहून पडावे.

“आजपासून मिस्टर व्हिटलॉक आहेत,” त्यांनी जाहीर केले. “त्यांच्या असण्याबद्दल या गल्लीत कुणी शंका घ्यायची नाही.”

गल्ली असल्या कामाला जणू टपूनच बसली होती.

त्याच आठवड्यात मोठा बर्फ पडला. या शहराचा एक अलिखित कायदा आहे: ज्याने फावड्याने बर्फ उपसून रस्त्याकडेला गाडीपुरती जागा केली, त्याने तिथे घरातली एखादी जुनी खुर्ची ठेवावी, आणि ती खुर्ची असेतो दुसऱ्या कुणी तिथे गाडी लावू नये. मारामाऱ्या होतात, पण खुर्ची हलत नाही. गल्लीतल्या लोकांनी आपापल्या जागा उपसल्या, आणि मग सर्वांनी मिळून समोरच्या इमारतीच्या ऐन दारापुढची, सर्वांत प्रशस्त अशी एक जागा मिस्टर व्हिटलॉक यांच्यासाठी उपसली. क्रिसांताने आपल्या स्वयंपाकघरातली निळी खुर्ची तिथे मांडली. प्रुइट सकाळी आला आणि खुर्ची हलवू लागला, तेव्हा तीन खिडक्या एकदम उघडल्या आणि ही व्हिटलॉकसाहेबांची जागा आहे हे त्याला फार सौजन्याने समजावण्यात आले. त्याने गाडी दोन गल्ल्या सोडून लावली आणि घसरत घसरत कामावर आला. रोज येऊ लागला.

मास्तर रोज सकाळी फोन करून व्हिटलॉक यांची खुशाली विचारत. आता कोट-टायची गरज त्यांना वाटेनाशी झाली होती. व्यवहार घरगुती झाला होता. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसरे. प्रुइटचा पाय दिवसेंदिवस खोलात जाऊ लागला. व्हिटलॉक दिसत का नाहीत, तर त्यांची रात्रपाळी असते. रात्रपाळीला जाताना तरी का दिसत नाहीत, तर पोट बिघडले आहे. पोट बिघडल्याचे कळताच एर्मिनियाबाईंनी ओव्याच्या जातीच्या कसल्याशा पानांचा काढा पाठवला, आणि तो प्रुइटने कठड्याशी उभे राहून, तोंड वाकडे करीत प्याला, हे वरून पाहिले गेले. तामाले मात्र रोज जात आणि थाळ्या परत येत नसत. एके दिवशी क्रिसांताने मास्तरांच्या हातून फोन घेऊन, मिस्टर व्हिटलॉक यांचे लग्न झाले आहे काय, असे आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारले. प्रुइट बेसावध होता, नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी थाळीसोबत क्रिसांताच्या मावसबहिणीचा, ओब्दुलियाचा, निळ्या पोशाखातला फोटो पोहोचला. त्याच्या पुढच्या दिवशी मिस्टर व्हिटलॉक यांना नेब्रास्कात पत्नी असल्याचे उघडकीस आले.

“सोमवारी बिनलग्नाचा होता,” क्रिसांता म्हणाली, “आणि बुधवारी बायको फुटली. पीक तरी एवढ्या लवकर उगवतं का हो कोम्पाद्रे?”

एर्मिनियाबाई पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसल्या. तेवढ्यात त्यांना आठवण झाली. नव्याने आलेल्या बिऱ्हाडाला पोसादाची एक संध्याकाळ द्यायची हा या गल्लीचा शिरस्ता होता, आणि सूत्रे अजून त्यांच्याच हातात होती. त्यांनी चौथी संध्याकाळ मिस्टर व्हिटलॉक यांना दिली.

याचा अर्थ प्रुइटला फोनवर समजावून सांगणे मास्तरांच्या वाट्याला आले. येशूच्या जन्माआधी मारिया आणि तिचा नवरा आसरा मागत दारोदार फिरले, त्याची आठवण म्हणून लोक मेणबत्त्या घेऊन दारापुढे उभे राहतात आणि गाण्यातून आसरा मागतात. आतल्याने गाण्यातूनच नाना सबबी सांगून त्यांना घालवून द्यायचे असते. आणि शेवटी दार उघडायचे असते. मिस्टर व्हिटलॉक यांना फक्त आतली कडवी म्हणायची आहेत. ती त्यांना येत नसणार. तरी मी ती तुम्हाला फोनवर शिकवतो, तुम्ही ती व्हिटलॉक यांना शिकवावीत.

प्रुइटने सारे ऐकून घेतले. मग विचारले, “चाल कशी आहे?”

अशी शिकवणी सुरू झाली. आजवर हा माणूस नकार गद्यात देत होता. मास्तरांनी त्याला तो पद्यात द्यायला शिकवले. ज्या आवाजाला त्याने दार लावले होते, त्याच आवाजापाठोपाठ तो आता रोज पाव तास दार लावण्याची कडवी घोकू लागला. त्याचे स्पॅनिश भयंकर होते. जिभेला लाकडी पाय लावल्यासारखे शब्द टकटक करत येत. पण गळा चांगला होता. तो केंटकीच्या डोंगराळ भागातला, लहानपणी चर्चमध्ये गात असे, हे त्याने आपणहून सांगितले, आणि इथल्या मुख्य कचेरीत आपल्या हेलाची नक्कल करतात, हेही एकदा सांगून गेला. फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

“काय झालं?” बाईंनी विचारले.

“काही नाही. विद्यार्थी मेहनती आहे.”

“त्याची कीव येतेय का तुम्हाला?”

“मला राग आहे. पूर्ण आहे. पण राग एका बाजूला आणि सूर एका बाजूला.”

“दोन्ही सांभाळा,” बाई म्हणाल्या. “मला फक्त जिना नको.”

आतली सारी नकाराची कडवी प्रुइटला पाठ झाली. शेवटचे कडवे, ज्यात आतला माणूस पाहुण्यांना ओळखतो आणि आत घेतो, ते मास्तरांनी त्याला शिकवलेच नाही. त्याने विचारले तेव्हा, ते ज्याचे त्याला सुचते, एवढेच सांगितले. ही थाप होती. इतक्या वर्षांत वक्तृत्वाच्या मास्तरांनी मारलेली बहुधा पहिलीच.

ठरल्या दिवशी सकाळी प्रुइटचा फोन आला. मिस्टर व्हिटलॉक यांना अचानक आईकडे जावे लागले होते. मास्तरांनी खेद व्यक्त केला, आईची प्रकृती विचारली, आणि मग सांगितले की यजमान गावाला गेला तर ज्याच्याकडे किल्ली तो यजमान, असाच नियम आहे. हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला होता. आजवर प्रुइटने मिस्टर व्हिटलॉक यांच्या नावाने किती थाळ्या रिकाम्या केल्या ते तो आणि वरची खिडकी जाणत होती; खाल्ल्या मिठाला जागण्याची वेळ प्रत्येकावर येते.

“किती वाजता?” त्याने विचारले.

संध्याकाळी, दिवेलागणीला, सारी गल्ली खाली जमली. एर्मिनियाबाईंनी वरून निरोप पाठवला की मला खाली न्या. जिन्यावरून न्यायचे कसे, यावर खल सुरू झाला, तेव्हा क्रिसांताने रस्त्यावरची निळी खुर्ची उचलली, बर्फ झटकला आणि वर पाठवली. चौघांनी बाईंना त्या खुर्चीत बसवून खाली आणले. मास्तर पुढे उलट चालत, जपून, जपून, असे सांगत होते आणि सर्वांच्या वाटेत येत होते. खाली आल्यावर बाईंनी थंड हवा नाकात भरून घेतली आणि मेणबत्ती मागितली. रिकामी झालेली ती जागा पाहून कोपऱ्यावरच्या कुणीतरी तिथे गाडी लावायला घेतली. त्याला तिघांनी एकदम हटकले. कायदा तो कायदा.

मिरवणूक दक्षिणेच्या दारापुढे उभी राहिली. बाहेरच्यांनी पहिले कडवे म्हटले. दारामागून एक खणखणीत, स्वच्छ सूर आला, आणि त्या सुरावर बसून आलेले स्पॅनिश ऐकून मेणबत्त्या थरथरू लागल्या. लोक हसू दाबायला ओठ चावत होते. क्रिसांता मास्तरांच्या कानाशी वाकली.

“कोम्पाद्रे, हा माणूस मला फोनवर भेटला असता ना, तर मी म्हटलं असतं, खोली गेली.”

“हळू, कोमाद्रे.”

“आत्ताच गेली म्हटलं असतं.”

कडव्यामागून कडवे झाले. बाहेरच्यांनी थंडीची तक्रार केली, आतून नकार आला. बाहेरच्यांनी थकव्याचे सांगितले, आतून नकार आला. चाल चुकली नाही, क्रम चुकला नाही. मग बाहेरच्यांचे शेवटचे मागणे झाले, आणि आतून काहीच आले नाही.

आता आत गाण्यासारखे काही उरलेच नव्हते. नकार संपले होते. लोक थांबले. पोसादात दार उघडल्यावाचून कुणी परत फिरत नाही. तो शिरस्ता खरा, मास्तरांनी केलेला नव्हे. कुणीतरी पाय आपटून ऊब आणत होते. एर्मिनियाबाई खुर्चीत ताठ बसून दाराकडे पाहत होत्या, आणि मास्तर त्यांच्याकडे. एकदा त्यांना वाटले की आपण शिकवायला हवे होते. शिक्षकाने विद्यार्थ्याला अर्ध्यावर सोडू नये. त्यांनी घसाही साफ केला. पण ते गप्प राहिले.

कडी वाजली. दार उघडले.

प्रुइट टाय बांधून उभा होता. त्याच्या मागे एक उघडा दिवा, उघड्या भिंती, आणि ओट्यावर क्रिसांताच्या साऱ्या थाळ्या घासूनपुसून एकावर एक रचलेल्या. दुसरे काहीही नव्हते. ओब्दुलियाचा फोटो मात्र खिडकीत नीट टेकवून ठेवलेला होता.

मास्तर एक पाऊल पुढे झाले. “मिस्टर व्हिटलॉक?” त्यांनी विचारले.

“नाहीत.”

“आईकडे गेलेत?”

“नाहीत,” प्रुइट म्हणाला. “म्हणजे कधी नव्हतेच.” त्याने साऱ्या मेणबत्त्यांकडे पाहिले आणि मग, जे एकट्या मास्तरांना सांगितले असते तरी चालले असते, ते सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. “मला कंपनीने सांगून ठेवलंय. फोनवर बोलणं अशा तऱ्हेचं आलं, की गेली म्हणायचं. मी म्हटलं. तुमच्या आधीही पुष्कळांना म्हटलं.”

नेलिदाने त्याला विचारले की हेच तो शहराच्या कचेरीत, सहीनिशी, सांगेल काय. तो थाळ्यांकडे पाहत राहिला.

“सांगेन,” तो म्हणाला. “नोकरी जाईल माझी.”

“गेली तर माझ्याकडे ये,” क्रिसांता म्हणाली. “विकायला शिकवीन. खायचा अभ्यास तुझा झालाय.”

नेलिदाने ते त्याला इंग्रजीत करून सांगितले. तो ओशाळा हसला आणि म्हणाला की सदनिका द्यायचा अधिकार आजच्या दिवशी तरी आपल्याकडेच आहे. त्याने खिशातून किल्ली काढून मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी हात पुढे केला नाही. गल्लीतल्या लोकांनी नंतर कबूल केले की त्या क्षणी त्यांना मास्तरांच्या डोक्यात थाळी घालावीशी वाटली होती. पण मास्तरांचे म्हणणे असे होते की ही किल्ली दयेची नाही आणि बक्षिसाचीही नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला होता, आणि त्या प्रश्नाला अद्याप उत्तर मिळालेले नव्हते. त्यांनी कोटाची बटणे लावली, टाय सरळ केला आणि त्याच इंग्रजीत, त्याच चोलुलाच्या उच्चारात, एक अक्षर न बदलता, म्हटले:

“महोदय, आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरील सदनिका अद्याप रिकामी असल्यास, तीसंबंधी आपली भेट घेण्याची अनुज्ञा असावी.”

प्रुइटने या वेळी वाक्य पुरे होऊ दिले.

“रिकामी आहे, सर,” तो म्हणाला. “या. आत या.”

लोक आत आले. तामाल्यांचे भांडे आले, फळांच्या कढत पेयाचे पातेले आले, मुलांनी काठीने फोडायची, खाऊ भरलेली कागदी पिन्याता कुठे टांगावी यावरून भांडण सुरू झाले. बसायला साऱ्या घरात एकच खुर्ची होती, ती निळी. एर्मिनियाबाई तिच्यातून खाली न उतरता खोलीखोलीतून फिरवल्या गेल्या. त्यांनी नळ सोडून पाहिला. ओव्हनचे दार उघडून आत डोकावल्या. ओट्यावरून बोट फिरवून बोटाकडे पाहिले. खिडकीपाशी नेल्यावर त्या थांबा म्हणाल्या. वर, पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याच स्वयंपाकघरात दिवा जळत राहिला होता, आणि त्या उजेडात त्यांची रोजची रिकामी जागा इथून स्पष्ट दिसत होती. त्या तिकडे जरा वेळ पाहत राहिल्या.

मास्तर हातात दोन पेले घेऊन मागे उभे होते. राखून ठेवलेल्या निकालाची त्यांना आठवण होती. पुरावा आता पुरेसा जमला आहे, हेही मान्य होते.

“मग?” त्यांनी विचारले. “काय ठरलं म्हणायचं?”

बाईंनी त्यांच्या हातातला एक पेला घेतला.

“माणूस खोटारडा,” त्या म्हणाल्या. “घर चांगलं. उद्या सामान आणायला घ्या.”